ओवाळणीचं आकाश

माझा भाऊ मला भाऊबिजेला ओवाळणी म्हणून काम पाठवतो. साडी नाही, पाकीट नाही, चारशे फोटो. सगळे एकाच जागेचे, एकाच रात्रीचे, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने काढलेले. ते मी एकापुढे एक लावायचे, मध्येच कमी-जास्त झालेला उजेड सारखा करायचा, रंग नीट करायचे आणि सोळा सेकंदांची फिल्म करून त्याला परत पाठवायची. टाइमलॅप्स म्हणतात त्याला. तासाभराचं आकाश सोळा सेकंदांत. जगात दुसरी बहीण नसेल जिला ओवाळल्यावर होमवर्क मिळतो, असं मी दर वर्षी म्हणते. "तुला साडी देऊन काय उपयोग? नेसतेस कुठे?" असं तो दर वर्षी म्हणतो. मग मी लॅपटॉपच्या स्क्रीनला ओवाळते, तिकडे वहिनी माझ्या वतीने त्याच्या कपाळाला कुंकू लावते आणि आमची भाऊबीज पार पडते.

मी इंग्लंडात बेसिंगस्टोकला राहते, दादा न्यूझीलंडच्या अगदी खालच्या टोकाला. त्याच्या घरून दक्षिणेला वीस मिनिटं गाडी हाकली की जमीन संपते. मग दगडगोट्यांचा एक किनारा, मग समुद्र आणि त्यापलीकडे एकदम अंटार्क्टिका. तिथल्या आकाशात वर्षातल्या काही रात्री ऑरोरा उमटतो, दक्षिणेकडचा ध्रुवीय प्रकाश. दादा तीस वर्षं दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनियर होता. एवढ्या वर्षांत त्याने मान वर करून आकाशाकडे पाहिलं असेल तर फक्त पाऊस येतोय का ते बघायला. रिटायर झाल्यावर त्याने चांगला कॅमेरा घेतला तेव्हा वहिनीला वाटलं, चला, आता नातवंडांचे फोटो निघतील. हा पठ्ठ्या कानटोपी घालून, ट्रायपॉड खांद्यावर टाकून किनाऱ्यावर जाऊन बसायला लागला. एकटाच. वहिनीला थंडी सोसत नाही.

मी स्वतः ऑरोरा कधी पाहिला नव्हता. उत्तरेकडचा इंग्लंडातूनही अधूनमधून दिसतो, पण तो दिसतो त्या रात्री आमच्याकडे ढग असतात. बेसिंगस्टोकला एकापाठोपाठ एक राउंडअबाउट्स आहेत, बिझनेस पार्क आहेत आणि वर्षाचे बारा महिने उपयोगी पडणारी छत्री आहे. त्यातल्याच एका बिझनेस पार्कात मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हा माझा धंदा. तो मला फार छान जमतो आणि, माझा नवरा सांगेल, तो मी घरीही चालू ठेवते.

रंगांचं मात्र मला ऑफिसात कुणी शिकवलेलं नाही. ते आमच्या आप्पांचं. साताऱ्यात आप्पांचं साड्यांचं दुकान होतं, अरुंद आणि लांबलचक, आत दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागायची. ट्यूबलाइटमध्ये रंग खोटं बोलतो, असं आप्पांचं ठाम मत. गिऱ्हाइकाने साडी पसंत केली की ते मला नाहीतर दादाला हाक मारायचे, "पायरीवर ने रे." आम्ही साडीचा पदर हातावर घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहायचो, गिऱ्हाईक मागून यायचं आणि उन्हात रंग बघून ठरवायचं. कितीदा तरी पायरीवर आल्यावर बाईंचा चेहरा पडायचा आणि झालेली विक्री मोडायची. आप्पांना त्याचं काही वाटायचं नाही. ते घडी घालत म्हणायचे, घरी जाऊन चेहरा पडण्यापेक्षा इथे पडलेला बरा.

आणि नावं! आमच्या दुकानात 'गुलाबी' असा रंगच नव्हता. राणी, गुलबक्षी, अबोली, डाळिंबी, यांतलं काय ते नीट बोला. हिरवा म्हटलं तर पोपटी, शेवाळी, पिस्ता की मोरपंखी? शाळेत मला सूर्याचा रंग काय विचारलं तेव्हा मी सकाळचा की संध्याकाळचा असं विचारलं होतं आणि छडी खाल्ली होती.

म्हणून दादाने पहिल्यांदा फोटो पाठवले तेव्हा मी कपाळावर हात मारला. कॅमेरा अंधारात आठ सेकंद डोळा उघडा ठेवून बसतो, त्यामुळे आपल्याला जे पुसट दिसतं ते त्यात भडक उतरतं. खालचा पट्टा पोपटी, वर राणी कलरचे खांब, एखाद्या लग्नाच्या मंडपासारखं. मी फोन केला. "दादा, खरं असं दिसतं तिथे?"

"छे गं. ही ट्यूबलाइट आहे."

"मग पायरीवर काय दिसतं?"

तो खूप हसला. आणि दुसऱ्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. फोटोंबरोबर तो दर वेळी एक टीप पाठवायचा: डोळ्याला काय दिसलं त्याची, आप्पांच्या शब्दांत. 'साडेनऊपर्यंत खाली मोतिया पट्टा, जेमतेम. नंतर पिस्ता. पावणेदहाला वर अबोली खांब, तीन, डावीकडून उजवीकडे सरकले. राणी नाही, राणी करू नकोस.' ती टीप समोर ठेवून मी रंग उतरवायचे, कॅमेऱ्याचा भडकपणा काढून टाकायचे. लोक इंटरनेटवर टाकतात त्यांच्यापुढे आमच्या फिल्म्स फिक्या दिसायच्या. पण खऱ्या होत्या. फिल्म झाली की तो बघायचा आणि खुसपट काढायचा. "दुसरा खांब जरा जास्त लाल झालाय." मी चिडायचे, पुन्हा करायचे. त्याचं बरोबर असायचं, हे मला त्याहून चिडवायचं.

प्रत्येक वेळी पहिल्या सहा-सात फ्रेम्स मी खात्रीसाठी न बघता कापायचे. रिमोटने कॅमेरा चालू करून दादा समोरून बाजूला होईपर्यंत, सुरुवातीला बघितलं होतं तेव्हा दोनेक फ्रेम्स, त्यात त्याचा टॉर्च, त्याचे बूट, कधी कानटोपीचा गोंडा असं काहीबाही यायचं.

तर गेल्या वर्षीची भाऊबीज. ओवाळून झालं, फोटो आले, आणि मी उघडून बघते तर सगळे तारे फुगलेले. ताऱ्यावर फोकस नीट बसला तर तो टाचणीच्या टोकाएवढा दिसतो, चुकला तर भिजलेल्या साबुदाण्यासारखा. चारशेच्या चारशे फोटोंत साबुदाणा. आणि टीपच नाही. मी मेसेज केला, टीप कुठे? उत्तर आलं, 'तूच बघून कर गं आता. तुला कळतं.'

मला राग आला. आळस आहे हा, असं मला वाटलं. दोन रविवार घालवून मी त्या साबुदाण्याची जमेल तेवढी डागडुजी केली आणि रंग अंदाजाने भरले. घाईत एक चूकही केली. वरचे खांब चक्क राणी कलरचे राहिले, आप्पांनी दुकानातून हाकलून दिलं असतं असे. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा फिल्म पाठवून झाली होती. म्हटलं, आता येईल फोन.

फोन नाही आला. मेसेज आला, 'छान आहे.'

छान आहे? इतक्या वर्षांत या माणसाने मला एकदाही नुसतं 'छान आहे' म्हटलेलं नव्हतं. याने धड बघितलीसुद्धा नाही, मी इथे डोळे फोडून घेतेय आणि याला त्याचं काही नाही, असं माझ्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. मी लिहिलं, 'ना फोकस, ना टीप, ना धड बघणं. असली ओवाळणी पाठवायची असेल तर यापुढे पाठवूच नकोस.' पाठवलं आणि फोन उशीखाली टाकून झोपले. सकाळी उत्तर होतं. 'बरं.'

त्यानंतर आम्ही बोलायचो, पण हवापाण्याचं. माझा फुगा फुटेना आणि त्याच्याकडून विषय निघेना.

जानेवारीत एका शनिवारी सकाळी माझ्या हार्ड डिस्कवरची जागा संपली. जुनं काय काय उडवता येईल ते बघताना तोच सेट समोर आला. उडवायला घेतला आणि सवयीने पहिला फोटो उघडला, जो मी कधी बघतच नसे.

त्यात वहिनी होती. लेन्सच्या अगदी समोर, हातात कॅमेऱ्याचा रिमोट. रिमोटच्या छोट्या स्क्रीनचा उजेड तिच्या चष्म्यावर आणि शालीवर पडला होता, एक बोट बटणावर होतं. तिच्या बाजूला दादा उभा. काहीच करत नव्हता. पुढच्या फ्रेममध्ये दोघंही धुरकट, म्हणजे हलत होते. आठ सेकंदांत जो हलतो त्याचा धूर होतो. तिसऱ्या फ्रेममध्ये दोघं थांबलेले, म्हणून स्वच्छ. वहिनीने त्याचं कोपर धरलं होतं. दुसऱ्या हातातला टॉर्च त्याच्या बुटांपुढच्या गोट्यांवर धरला होता आणि दादाची मान खाली नव्हती, समोरही नव्हती, भलतीकडेच कलली होती. चौथी, पाचवी, सहावी. जिथून तो पूर्वी दोन फ्रेम्समध्ये बाजूला व्हायचा तेवढं अंतर जायला त्या दोघांना सहा फ्रेम्स लागल्या होत्या. पूर्ण एक मिनिट.

मी टेस्टर आहे. मला समजायला दुसरा पुरावा लागला नाही. त्या चारशे फोटोंतल्या सगळ्या चुका मी शोधल्या होत्या आणि त्यांचं कारण मात्र न बघता कापून टाकलं होतं.

तिथे रात्रीचे दहा वाजले असतील. फोन वहिनीने उचलला. मी म्हटलं, "वहिनी, दादाच्या डोळ्यांना काय झालंय?"

ती म्हणाली, "वन्सं, मी सांगणारच होते हो. पण ह्यांनी शपथ घातली होती मला." आणि रडायलाच लागली.

मग दादा आला. अगदी नेहमीच्या आवाजात बोलला, तेच मला सोसवेना. "मधोमध एक डाग आहे गं, दोन्ही डोळ्यांत. मॅक्युला म्हणतात, पडद्याचा मधला भाग, तो जातोय. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. कडेकडेचं दिसतं. आता व्हिडिओ लावलास तर तुझे कान दिसतील फक्त."

"आणि ट्रीटमेंट?"

"डोळ्यात इंजेक्शन देतात. ईईई करू नकोस, दुखत नाही एवढं. त्याने पुढे जाणं थांबतं, थांबलं तर. गेलं ते गेलं."

"आणि रंग?"

"कडेने रंग कळत नाहीत फारसे," तो म्हणाला. "तू ती फिल्म पाठवलीस ना, मला नुसती राख दिसली. राखेला काय नाव ठेवणार? म्हटलं, छान आहे."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू माझ्या चुका काढणं बंद केलं असतंस. बाकी सगळे लगेच प्रेमाने बोलायला लागलेत. वैताग आलाय."

मी त्याची माफी मागितली. खूप वेळा मागितली, रडत, शेंबूड पुसत, बासष्टाव्या वर्षी. तो म्हणत राहिला, अगं सोड. पण मग त्याने आणखी एक सांगितलं. कॅमेरा त्याने कपाटात ठेवून दिला होता, माझा मेसेज आला त्याच दिवशी. "तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "असलं पाठवण्यात अर्थ नाही. झालं ते पुष्कळ झालं."

त्यानंतर दोन महिने मी त्याच्या मागे लागले. वहिनी फोकस करेल, मी व्हिडिओ कॉलवर तिला शिकवेन, नवीन कॅमेऱ्यांत आपोआप होतं, काय काय सांगून बघितलं. तो ऐकून घ्यायचा आणि नाही म्हणायचा. चिडून नाही, फार समजुतीने. एकदा म्हणाला, "मला न दिसणाऱ्या गोष्टीचे फोटो मी कुणासाठी काढू?" माझ्यासाठी काढ, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण यापुढे पाठवू नकोस असं लिहिणारीही मीच होते, त्यामुळे ते बाहेर पडेना.

मार्चमधली एक संध्याकाळ. साडेसात-पावणेआठ झाले होते, मी पोळ्या करत होते. आमच्या गल्लीचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर एरवी कचऱ्याचे बिन कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचे आणि कुणाची मांजर हरवली एवढंच येतं. तो सारखा वाजायला लागला. नवऱ्याने बघितला आणि ओरडला, "अगं, आकाश बघ म्हणतायत!"

मी गॅस बंद केला आणि कणकेच्या हातांनीच निघाले. आमच्या मागे कौन्सिलच्या अॅलॉटमेंट्स आहेत, लोक भाज्या लावतात त्या. तिथून उत्तरेला जरा अंधार मिळतो. अर्धी गल्ली तिथे जमली होती. शेजारची म्हातारी ड्रेसिंग गाउनमध्ये फोन वर धरून उभी होती. "इट्स पिंक, लव्ह," ती मला म्हणाली, "इट्स ऑल पिंक!" तिच्या फोनमध्ये अगदी भडक राणी दिसत होता. मीही फोन काढला, स्क्रीनला पीठ लावून दोन फोटो घेतले. माझ्याही फोनमध्ये राणी.

मग मी दादाला फोन लावला. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळचे पावणेनऊ वाजले होते, तो चहा पीत होता.

"दादा, ऑरोरा आहे! इथे, बेसिंगस्टोकला! ढग नाहीत!"

"काय सांगतेस?" चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला. "कसा आहे?"

"राणी कलर आहे सगळा, आणि खाली..."

"फोनमध्ये बघतेयस?"

मी स्क्रीनवरचं पीठ पुसलं.

"फोन कानाला लाव आणि पायरीवर ये," तो म्हणाला. "डोळ्याने सांग."

मी लोकांपासून जरा दूर गेले, कुणाच्या तरी मटारच्या काठ्यांजवळ, आणि गप्प उभी राहिले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. आधी काहीच नव्हतं, नुसतं उजळ आकाश. मग हळूहळू खाली, झाडांच्या वर, एक पट्टा उमटला.

"खाली मोतिया," मी म्हटलं. "नाही, थांब. मोतियात अगदी किंचित पिस्ता. धुवून धुवून विटलेला."

"हं."

"त्याच्या वर काही नाही, करडं. आणि मग एकदम वर, डोक्याकडे, लाल आहे. डाळिंबी नाही. डाळिंबीला आतून चमक असते तशी नाही याला. आमसुली म्हणू का? कोकम पाण्यात टाकल्यावर पहिल्यांदा सुटतं ना, तेवढंच."

"किती मोठं आहे?"

"पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आहे, दादा." मी मान मागे टाकली. "आता मधे खांब आलेत. दोन. अबोली. आपली नेहमीची अबोली, तू लिहायचास ती. तू खरंच बरोबर लिहायचास रे."

इतकी वर्षं मी त्याच्या टिपांवरून रंग लावत होते. त्यातलं एकही अक्षर मी माझ्या डोळ्यांनी कधी ताडून बघितलं नव्हतं. त्या रात्री बघितलं आणि कुठेही चूक नव्हती. हे सगळं मी त्याला सांगितलं, जसं सुचेल तसं. तो मधूनमधून हं म्हणत होता. खांब सरकतायत का? कुठून कुठे? पट्ट्याची खालची कड धारदार आहे की पुसट? वीस मिनिटं मी बोलत होते. नवऱ्याने येऊन माझ्या खांद्यावर कोट टाकला तेव्हा मला कळलं की मी नुसत्या कुर्त्यावर उभी आहे.

मग सगळं विझल्यासारखं झालं आणि मी म्हटलं, "गेलं आता."

दादाने फोन तोंडापासून दूर केला असावा, कारण पुढचं वाक्य मला लांबून ऐकू आलं. तो वहिनीला म्हणत होता, "अगं, ती कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लाव."

ऑरोरा दोन्ही ध्रुवांकडे एकदमच असतो, फक्त ज्याच्याकडे अंधार त्यालाच दिसतो. आमची रात्र संपते तेव्हा त्यांची सुरू होते. तोवर वादळ टिकलं तर त्यांना दिसणार, नाही टिकलं तर नाही. मी रात्रभर नीट झोपले नाही.

सकाळी पावणेनऊला मी किचनमध्ये लॅपटॉप उघडून बसले होते. नऊला माझी टीमची रोजची मीटिंग असते. फोन वाजला. स्पीकरवर आधी वारा आणि गोट्यांवरून परतणारं पाणी, मग वहिनी, दात वाजत असलेली.

"वन्सं, आम्ही आलोय हो. मी काय ते तारे मोठे करून बघितले आणि चाक फिरवलं, सकाळी फोनवर तुम्ही सांगितलं तसं. चालू केलाय कॅमेरा."

"काय दिसतंय?"

"गुलाबीच की."

तिकडून दादा कण्हला. "गुलाबी म्हणे! हिला विचार तू नीट. माझा जीव जातोय."

वहिनी नागपूरची, सराफाच्या घरातली. तिला सोन्याचे चौदा प्रकार सांगता येतील, पण रंगांच्या बाबतीत लग्नाला चाळीस वर्षं होऊनही आमच्या घराची दीक्षा तिने घेतली नव्हती. मी म्हटलं, "वहिनी, फोन दादाकडे द्या, कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघू नका. आता सांगा, तुमच्या धाकटीच्या डोहाळजेवणाला तुम्ही जी साडी नेसला होतात, तसा?"

"नाही हो, एवढा गडद नाही. तिचे काठ आठवतात का? तसा."

"अबोली," मी म्हटलं.

"अबोली," दादा म्हणाला. "कुठे?"

"तुमच्या उजव्या हाताला," वहिनी म्हणाली. "वरपर्यंत गेलाय. अहो, दोन आहेत. तिसरा येतोय."

नऊ वाजून गेले होते. मीटिंगची खिडकी लुकलुकत होती, मी ती बंद केली. आम्ही तिघं आकाश बघत होतो: वहिनी बघत होती, मी नाव देत होते आणि दादा त्या नावावरून मनात रंग भरत होता. खालचा पट्टा तिने 'नवीन दुर्वांसारखा' सांगितला, मी पिस्ता म्हटलं, दादा म्हणाला, पिस्ता म्हणजे आज जोरात आहे. मग तो एकदम म्हणाला, "गप्प बसा जरा."

फोनवर नुसता वारा ऐकू येत राहिला.

"मी समोर समुद्राकडे बघतोय," तो हळू म्हणाला. "उजव्या कडेला काहीतरी हललं. रंग नाही. पण हललं. आप्पा साडी उलगडून गादीवर टाकायचे ना, तसं वरून खाली आलं." मग जरा थांबून, "दिसलं गं मला."

मी डायनिंग टेबलावर डोकं ठेवून रडले. त्याला ऐकू गेलंच. तो म्हणाला, "रडतेस काय, टीप लिहून घे. मला लिहिता येत नाही आता."

मी शेजारी पडलेल्या विजेच्या बिलाच्या पाकिटावर लिहून घेतलं. अबोली, तीन खांब, उजवीकडे. पिस्ता पट्टा. वेळ रात्रीचे दहा वाजून पाच. शेवटी त्याने विचारलं, आणि विचारताना तो बासष्ट वर्षांच्या बाईचा अडुसष्ट वर्षांचा भाऊ नव्हता, पायरीवर पदर धरून मागून येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघणारा मुलगा होता. "भाऊबीज लांब आहे अजून. पण हे पाठवलं तर घेशील का?"

"पाठव," मी म्हटलं.

"फोकसची खात्री नाही. शिकल्यावरचा हिचा पहिलाच प्रयत्न आहे."

"मग मी चुका काढेन."

"काढ की," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला आनंद मला इथे बेसिंगस्टोकला स्वच्छ ऐकू आला.

फोटो दोन दिवसांनी आले. तारे थोडे फुगलेले होते, पण साबुदाणा नाही, मोहरी म्हणता येईल. मी वहिनीला तीन सूचना लिहून पाठवल्या, त्यातली एक जरा खोचक. रंग टिपेप्रमाणे लावले, अबोलीचा राणी होऊ दिला नाही. पहिल्या सहा फ्रेम्स या वेळी कापल्या नाहीत. फिल्म सुरू होते तेव्हा पाव सेकंद दोन माणसं दिसतात, एकाने दुसऱ्याचं कोपर धरलेलं, आणि मग आकाश सुरू होतं.

त्याने फिल्म डोळ्याच्या कडेने बघितली, वहिनीला शेजारी बसवून, पुन्हापुन्हा लावून. मग त्याचा फोन आला. "सुरुवातीला काहीतरी काळं आलंय," तो म्हणाला. "कापायचं राहिलं वाटतं तुझं. चूक आहे ती."

"नाही," मी म्हटलं. "तो तू आहेस."